सुई निघाली तिथं

पोंगलचा तै महिना लागला की आमच्या घरात भुसा येतो. दारं लावा, खिडक्यांना जुनी धोतरं बांधा, काही करा, तो येतोच. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे कालवा, कालव्यापलीकडे शेतं. आता कापणीची ती मोठी यंत्रं आली आहेत. सकाळी एकाचं शेत उरकतात, दुपारी दुसऱ्याच्यात शिरतात आणि मागे हवेत नुसती पिवळी धूळ सोडतात. भात वाळवायला रस्त्यावरच पसरतात. तंजावरहून तिरुवैयारूला जाणारी बस त्या भाताच्या कडेकडेने कशीबशी जाते, ड्रायव्हर शिव्या देतो, भात राखणारी बाई त्याहून सरस देते. मी ओट्यावर बसून दोन्ही ऐकते. या वयात करमणुकीला आणखी काय लागतं.

आज सकाळी मात्र केरसुणी हातात घेऊन उंबऱ्याशी उभी राहिले आणि पुढे पाऊलच टाकवेना. मधल्या खोलीच्या लाल जमिनीवर भुशाचा पातळ थर बसला होता आणि त्यावर माझ्या नातीची, तारिणीची, पावलं उमटली होती. ती पोंगलच्या सुट्टीला मदुरैहून आली आहे. लाल जमीन, भुसा आणि त्यात कुणाची तरी पावलं, एवढं एका ठिकाणी आलं की मला राघू आठवतो. माझा धाकटा भाऊ. आठवतो म्हणजे काय, तो इथेच असतो, फक्त तै महिन्यात जास्त असतो.

कुणी गावाला निघालं की ते पोहोचल्याचं कळेपर्यंत घर झाडायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. माणसाच्या पाठोपाठ केरसुणी फिरवली म्हणजे त्याची घरातली पावलं आपणच पुसली. मग त्यानं परत यायचं कशाच्या खुणेनं? लग्नानंतर मी बरीच वर्षं पुण्यात काढली, देवनागरी नीट लिहायला शिकले तीही तिथेच. तिथल्या शेजारणींनाही ही रीत ठाऊक होती. फक्त त्या ती हसत हसत पाळायच्या, किंवा हसत हसत मोडायच्या. माझी अम्मा हसायची नाही. अप्पा ओरत्तनाडूच्या कचेरीत होते, रोज सकाळी बसने जायचे, तर ते कचेरीत पोहोचले असतील असा अंदाज येईपर्यंत आमच्याकडे केर निघत नसे. शेजारच्या बायका म्हणायच्या, या मराठ्यांकडे दुपारी उजाडतं.

अप्पा लवकर गेले. राघू तेव्हा शाळेत होता. शिकून तो जहाजावर इंजिनियर झाला, आणि अम्माच्या केरसुणीचे हाल सुरू झाले. कारण जहाजावरचा माणूस पोहोचतो कधी? एका बंदरात पोहोचला म्हणावं तर दुसरीकडे निघालेला असतो. शेवटी दोघांनी मिळून तडजोड काढली. तो विमानानं जाऊन जहाजावर चढला की फोन करायचा, ‘चढलो’, आणि तेच पोहोचणं धरायचं. अम्मा फोन खाली ठेवायची आणि लगेच पदर खोचायची. आमच्याकडे काम करणारी सेल्वी म्हणायची, अम्मा फोनवर बोलतात तेव्हा एक हात आधीच केरसुणीवर असतो.

त्या वर्षी तो मार्गळी महिन्यात, पोंगलच्या आधीच निघणार होता. मी पुण्याहून आले होते. शुक्रवार होता, अम्मा देवीसाठी लिंबांची माळ ओवत बसली होती. राघूनं तिच्या पुढ्यातलं एक लिंबू उचललं, मोठी सुई घेतली आणि देठाच्या जरा खाली टोचली.

“अम्मा, हें बघ. हें जग. आणि सुई टोचली तें आपलं घर.”

“माळेचं लिंबू तें,” अम्मा म्हणाली.

“ऐक कीं. इथून सरळ खाली भोक पाडत गेलीस, मध्यावरनं, कुठंही न वळतां, तर कुठं निघशील?”

“मी कशाला जाऊं खाली? मला वर जायचंय.”

मी हसले, सेल्वी हसली. राघूनं सुई दाबली, ती पलीकडून बाहेर आली, तिच्या टोकाला रसाचा थेंब. “इथं,” तो म्हणाला. “नुसता समुद्र. पेरूच्या पुढचा. या खेपेला आमचं जहाज पेरूच्या बंदरांतून माल घेऊन पश्चिमेला जाणार, तें याच्याच आसपासनं जाणार. जगांत आपल्या घरापासून सगळ्यांत लांबची जागा एकच आहे, आणि ती ही.”

अम्माला ते आवडलं नाही. सगळ्यांत लांब, हा शब्द निघायच्या घरात कुणी काढू नये. तिनं लिंबू त्याच्या हातातून घेतलं. देवीच्या आधी जग म्हणून टोचलेलं लिंबू माळेत चालणार नव्हतं, म्हणून सुईसकट फडताळात ठेवून दिलं. मग दुसरी सुई शोधायला मलाच उठावं लागलं.

मी त्या लिंबाचा पुढे फार विचार केला आहे. प्रत्येक घराला असं एक दुसरं टोक असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आपण चूल मांडतो, दारात कोलमची रांगोळी काढतो, नळाला पाणी आलं का बघतो, आणि आपल्या तळव्यांच्या बरोबर खाली, मधली सगळी माती आणि तापलेला दगड ओलांडून, एक जागा असते जिच्याशी आपलं काही देणंघेणं नसतं. बहुतेकांच्या खाली पाणीच असतं म्हणतात. तिथं आपल्या पहाटेला संध्याकाळ होते. इथं पौषातलं धुकं असतं तेव्हा तिथं उन्हाळा. कुणी तिथं जात नाही, म्हणून ती जागा आहे हेही कुणाला कळत नाही. आमच्या घरातलं माणूस तिथं गेलं.

तो गेला, जहाजावर चढल्याचा फोन आला, केर निघाला. पोंगल झाला. दारात उसाची चिपाडं, मातीच्या नव्या मडक्याला लागलेली खीर, हळदीच्या ओल्या रोपांचा वास. तेव्हा कापणी विळ्यांनीच व्हायची. बायका ओळीनं वाकलेल्या असायच्या, आणि कालव्यापलीकडच्या खळ्यात पेंढ्या जमिनीवर आपटायचे त्याचा धप्प धप्प आवाज सकाळभर यायचा. ओट्यावर बसलं तर तो आवाज कानाच्या आधी खालून, बसल्या जागी कळायचा. मला पुण्याला परत जायचं होतं, पण अम्मानं थांबवून घेतलं, आणि मलाही कुठे घाई होती.

एका संध्याकाळी अम्मानं देवाजवळ दिवा लावला आणि फोन वाजला. जहाजावरचा फोन लगेच ओळखू यायचा, बोललेलं जरा थांबून पोहोचायचं आणि मध्ये समुद्राचा का तारेचा कसला तरी घूं असा आवाज. अम्मा लाकडी बाकावर बसून बोलत होती, मी शेजारी कान लावून.

“अम्मा, दिवा लावलास कीं?”

“आत्तांच. तुला कसं कळलं?”

“तुझा सूर्य इथं आला. आत्तां वर येतोय. अम्मा, त्या लिंबांतली सुई निघालेली, तिथं आहे मी आज. बरोबर तुझ्या पायांखाली.”

अम्मानं काय करावं? तिनं चटकन दोन्ही पाय बाकावर उचलून घेतले. जमिनीवर पाय ठेवणं म्हणजे पोराच्या डोक्यावर ठेवणं झालं. मग तशीच वाकून, फोन कानाला धरून, तिनं हातानं जमिनीला स्पर्श केला आणि बोटं डोळ्यांना लावली, एखाद्याला चुकून पाय लागला की लावतो तशी. मी राघूला सांगितलं, अम्मा पाय वर घेऊन बसलीय. तो इतका हसला की तारेतला घूं आवाजसुद्धा ऐकू येईना.

“तिला सांग अक्का, मीही तिच्या पायाला पाय लावून उभा आहे. फिटलं.”

अम्मानं फोन परत घेतला. “लांब गेलास रे,” एवढंच म्हणाली.

“गेलों. पण आतां याहून लांब जातांच येत नाही, अम्मा. जागाच नाही. इथून पुढं जहाज कुठंही वळूं दे, उजवीकडं, डावीकडं, पाऊल टाकलं कीं घराकडंच.”

“म्हणजे निघालास?”

“निघालों म्हण.”

तो गमतीनं बोलला. पण अम्मानं फोन ठेवला, सेल्वीला हाक मारली आणि सांगितलं की राघू घराकडे निघाला आहे, उद्यापासून केरसुणी लावायची नाही. सेल्वीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अम्मा, अजून महिने जातील, कापणीचे दिवस आहेत, भुशानं घर भरेल. ती म्हणाली, “ओल्या फडक्यानं पुसूं. पुसणं निराळं.” दोनचार दिवसांत हट्ट उतरेल असं आम्ही दोघी स्वयंपाकघरात कुजबुजलो. त्या संध्याकाळी घरात सगळे खुशीत होते. मला ती संध्याकाळ तशीच, कुठेही डाग न लागलेली, आठवते, आणि म्हणूनच ती सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीतून फोन आला. मी घेतला. इंग्रजीत, फार सभ्य आवाजात एका माणसानं सांगितलं की राघवेंद्र सकाळच्या पाळीनंतर कुणाला दिसला नाही. जहाज उलटं फिरवून, होतं तिथं नेऊन शोधलं. अजून शोधताहेत. समुद्र शांत होता, हे त्यानं मला का सांगितलं कोण जाणे. नंतर पुन्हा फोन आला तेव्हा शोध थांबवला होता. कठड्याशी त्याची चप्पल सापडली. पाय घसरला असावा, म्हणाले. त्यापलीकडे कधीच काही कळलं नाही.

काका आले. अप्पांचे धाकटे भाऊ, कुंभकोणचे, कुठल्याही दुःखात आधी पंचांग मागणारे. वाईट माणूस नव्हे. वाध्यारांना, म्हणजे भटजींना, घेऊन बसले. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात, ते त्यांनी मला समजावलं, आणि म्हणाले, आधी घर धुऊन घ्यायला हवं. घराची काय दशा झाली होती, ओलं फडकं फिरवायचंही राहून गेलं होतं. तो सगळा हंगाम खिडक्यांतून आत आला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं भुशात उमटायची, त्यांवर पुन्हा भुसा बसायचा. बायका रडायला आल्या की आधी बसायची जागा पदरानं साफ करायच्या. सेल्वीनं केरसुणीला हात लावला की अम्मा नुसती मान वर करून बघायची.

“वहिनी,” काका दारात उभे राहून म्हणाले, “असं घर ठेवतात कीं? तो गेला, हें मनाला सांगायला नको?”

“निघाला म्हणून त्यानं सांगितलंय,” अम्मा म्हणाली. “पोहोंचला म्हणून कळलं कीं झाडीन.”

“कोण कळवणार?”

“कळेल.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझी आई जेवत नव्हती, झोपत नव्हती, बाकावर पाय वर घेऊन बसून असायची. उतरलीच तर चवड्यांवर चालायची. तिच्या डोक्यावर परिणाम झाला असं घरातले हळू आवाजात बोलू लागले होते. भाऊ पाण्यात गेला होता आणि आता आईही या भुशात बसल्या बसल्या जाणार, एवढंच मला दिसत होतं. तिनं केरसुणी हातात घ्यावी म्हणून मी नवस बोलले. केरसुणीसाठी नवस बोलणारी जगात मी एकटीच असेन.

खळ्यावरचा आवाज थांबला. कापणी संपली, शेतात नुसते बुडखे राहिले, त्यांत बदकं सोडली. मासी महिना लागला. एका सकाळी मी अम्माला कॉफी द्यायला गेले तर तिच्या मांडीवर ते लिंबू होतं. वाळून तपकिरी, कडक झालेलं, सुई तशीच आरपार.

“हें घर,” तिनं वरच्या टोकाला बोट लावलं.

“हं.”

“आणि इथं तो पडला.”

मी कॉफी हातात घेऊनच तिच्याजवळ बसले.

“पडला म्हणजे खाली गेला. पाण्यांत खाली.” तिनं सुईच्या दुसऱ्या टोकावर बोट ठेवलं आणि सुईवरनं हळूहळू आत, लिंबाच्या सालीपर्यंत आणलं. “तिथलं खाली म्हणजे कुठं गं?”

मला कळायला एक क्षण लागला. मग मी कॉफी खाली ठेवली.

“तिथलं खाली म्हणजे इकडं,” अम्मा म्हणाली. “दुसरीकडं कुठं पडला असता तर दुसरीकडं गेला असता. तो तिथं पडला. म्हणजे घराकडंच निघाला. सरळ. बोलल्यासारखा.”

तिनं बोट तिथंच धरलं. मग विचारलं, “पाण्याला तळ असतो कीं?”

“असतो, अम्मा.”

“एवढ्या दिवसांत लागला असेल तळ?”

“लागला असेल.”

“त्याच्या पुढं वाट नाही.”

“नाही.”

“मग जेवढं येतां आलं तेवढा आला, गं.” तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फुटला. “पोहोंचला माझा राघू.”

तिनं पाय खाली सोडले. उठली, पदर खोचला, दाराआडची केरसुणी घेतली आणि देवघरापासून झाडायला सुरुवात केली. सेल्वी पुढे झाली तर तिला हातानंच बाजूला केलं. सगळं घर तिनं एकटीनं झाडलं, रडत, नाक पदराला पुसत, कोपरा न् कोपरा. त्याची खोली झाडताना बाहेर आवाज येत होता तो केरसुणीचा की तिचा ते समजत नव्हतं. भुशाचा ढीग अंगणात गेला. काकांना फोन करून मीच सांगितलं, वाध्यारांना आणा.

त्यानंतर अम्मा बरीच वर्षं जगली. जेवायची, बोलायची, सेल्वीशी भांडायची. फक्त घरात कुणी पाय आपटायचा नाही. तेवढं एक राहिलं. उखळ मागच्या अंगणात गेलं. नारळ फोडायचा तर बाहेरच्या दगडावर. माझ्या मुली आजोळी आल्या की त्यांना आधी बजावलेलं असायचं, धावू नका, उड्या मारू नका. पुण्यात वरच्या मजल्यावरची पोरं धावली की खालचे लोक काठीनं छत ठोकायचे. आमच्या घराला खालचा मजला नव्हता आणि तरी आम्ही तसे वागायचो. पाहुण्यांना वाटायचं, काय शांत मुली आहेत. अम्मा गेली त्या दिवशी माणसांनी तिला उचललं तेव्हासुद्धा, आठवतं, मी त्यांना म्हटलं, जरा सावकाश पाय टाका. तिच्यासाठी नव्हतं म्हटलं ते.

मग मी इथेच राहायला आले. केर काढते, पुसते, आणि अजून चवड्यांवर चालते. डॉक्टर म्हणतात त्यानंच तुमचे गुडघे गेले.

तर आज सकाळी मी अशी उंबऱ्याशी उभी, तेवढ्यात तारिणी परसातून आली, ओढणी कमरेला घट्ट बांधून. मदुरैत ती भरतनाट्यम शिकते. आमची मराठी तिला कळते सगळी, बोलायला मात्र अर्धी तमिळ लागते. खोलीच्या मधोमध गुडघे वाकवून अर्धी बसून तिनं पाय उचलला आणि जमिनीवर मारला. तैया तै. तैया तै. सपाट, पूर्ण तळवा. भुसा तिच्या घोट्यांभोवती उडाला.

“हळू गं,” माझ्या तोंडातून गेलं. सवयीनं.

ती थांबली. “पाट्टी, हळू मारला तर तो अडवुच नाही, स्टेपच नाही. टीचर ओरडते. जमिनीला कळायला पाहिजे म्हणते.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “माझी अम्मा पण सांगते, पाट्टीच्या घरी पाय आपटू नको. का? खाली कोण आहे?”

माझ्या मुलीनं तिला कारण कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय.

“माझा भाऊ आहे,” मी म्हटलं. “खूप खाली.”

तिनं पायाखाली बघितलं. मुलं अशा गोष्टींना हसत नाहीत. “झोपलाय?”

“हो.”

“उठेल?”

बाहेर यंत्र चालू झालं होतं. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि त्यात भुसा सावकाश खाली बसत होता. इतकी वर्षं आम्ही सगळ्या या घरात त्याला त्रास नको म्हणून जपून चाललो. अम्मा, मी, माझ्या मुली. वर कुणी आहे की नाही हेसुद्धा त्याला कळलं नसेल. त्याला वाटलं असेल, घर रिकामं झालं.

“नाही उठत, राजा,” मी म्हटलं. “तू मार. जोरात मार.”

तिनं मारला. मी केरसुणी भिंतीला टेकवली, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, साडी जरा वर खोचली, आणि त्या लाल जमिनीवर माझा पाय आपटला. गुडघ्यातून कळ आली. मग मी दुसरा आपटला.